हीटरवरून पाय काढ

आमच्या धंद्यात कधी कधी शब्द उच्चारला जाण्याच्या दोन सेकंद आधीच ऐकू येतो. हे मी पाहुण्यांना सांगतो तेव्हा ते माझ्याकडे न बघता माझ्या बायकोकडे बघतात. वैशाली डॉक्टर आहे. त्यांना वाटतं, औषध चालू असेल.

पण खरंच तसं होतं. कॅसेटमधली फीत वर्षानुवर्षं गुंडाळून पडली की एका वेढ्यावरचा आवाज शेजारच्या वेढ्यावर पुसटसा उतरतो. ओल्या शाईची वही मिटली की समोरच्या पानावर अक्षरं उमटतात ना, तसा. मग टेप लावली की गाणाऱ्यानं तोंड उघडायच्या आधी त्याचंच एक बारीकसं भूत गाऊन जातं. पुण्यात ज्या स्टुडिओत मी हे काम शिकलो तिथले वस्ताद याला 'छापा' म्हणायचे, म्हणून मीही म्हणतो. छापा ओळखणं आणि पुसणं यात माझा हात धरणारा आयर्लंडात कोणी नाही, असा माझा समज होता. आयर्लंडात हे काम करणारे आम्ही मोजून तीन-चार जण असू, त्यामुळे समज टिकवणं फारसं अवघड नव्हतं.

वैशालीला इथल्या सरकारी हॉस्पिटलात नोकरी लागली आणि तिच्यामागोमाग मी आलो. ती भूलतज्ज्ञ. लोकांना झोपवणं हे तिचं काम. जुने आवाज जागे करणं हे माझं. डब्लिनच्या दक्षिणेला टॅला म्हणून मोठं उपनगर आहे, तिथे एक न्हावी आणि एक चिप्सवाला यांच्या मधल्या गाळ्यात माझं दुकान आहे. लोक कॅसेटा, रिळं, व्हिडिओ टेपा आणतात. मी त्यातला आवाज काँप्युटरवर घेतो, साफ करतो आणि पेन ड्राइव्हवर देतो. सगळ्या पेन ड्राइव्हना तळलेल्या माशाचा मंद वास येतो. आतापर्यंत कोणी तक्रार केलेली नाही.

या धंद्याचा नियम एकच: मुळाला हात लावायचा नाही. टेपवरून जसा आला तसा आवाज आधी उतरवून घ्यायचा, ती 'कच्ची प्रत' बाजूला ठेवायची आणि मग काय कलाकुसर करायची ती दुसऱ्या प्रतीवर. नियम चांगला आहे. माझे घोळ त्याच्या बाहेर राहून होतात.

उदाहरणार्थ मर्फी. आपल्याकडे जसे कुलकर्णी तसे इथे मर्फी. एकाच आठवड्यात दोन मर्फींनी मुलांच्या पहिल्या कम्युनियनच्या (चर्चमधली मुंजच म्हणा) व्हिडिओ टेपा आणल्या आणि मी याची त्याला आणि त्याची याला दिली. मला वाटलं, तासाभरात फोन वाजेल. तीन आठवडे वाजला नाही. वाजला तेव्हा पहिला मर्फी म्हणाला, "सगळ्यांनी मिळून बघितली. आई तर रडली. कालच लक्षात आलं की मुलगा आमचा नाही."

जवळच्या सँडीफोर्डला मुलाकडे आलेले एक आजोबा होते, अमरावतीकडचे. त्यांनी स्वतःच्या निवृत्ती समारंभातल्या भाषणाची कॅसेट आणली. मी साफ करून ऐकवली. आजोबा खूश, पण चुळबुळ करायला लागले. म्हणाले, "टाळ्या जरा कमीच वाटून राह्यल्या हो. थोड्याशा वाढवून द्या ना बाप्पा." मी म्हटलं, म्हातारा माणूस आहे, काय बिघडतं? एका गाण्याच्या मैफलीतल्या टाळ्या कापून चिकटवल्या. त्यात मागून कोणीतरी "वन्स मोअर!" ओरडलेलं माझ्या ध्यानातच आलं नाही. भविष्यनिर्वाह निधीवरच्या भाषणाला वन्स मोअर! आजोबांनी ते ऐकलं, डोळे मिटले आणि मान हलवली. "हाव. ओरडलं होतं कोणीतरी. बहुतेक सावरकर बाबूच असन."

त्या दिवशी मला कळायला हवं होतं की टेपमध्ये जे घालावं ते लोक आठवणीत घालून घेतात, आणि जे पुसावं ते पुसून टाकतात. कळलं नाही. मग डेसी आला.

डेसी निवृत्त बस ड्रायव्हर. उंच, लाल गालांचा, डोक्यावर सपाट टोपी. बिस्किटांच्या डब्यात टिशू पेपरात गुंडाळलेली एक कॅसेट त्यानं माझ्या टेबलावर अशी ठेवली, की जणू आत अंडं आहे. (तो अर्थात इंग्रजीतच बोलतो. मी मराठीत देतोय, कारण दिवाळी अंक घरातली सगळी वाचतात आणि डेसीचे काही शब्द जसेच्या तसे छापता येणार नाहीत.)

"या टेपमध्ये काय आहे माहितेय तुला?" तो म्हणाला. "अमेरिकेच्या आधी मी केलेलं रॅप."

मी नम्रपणे विचारलं, की रॅप तर न्यूयॉर्कमध्ये सुरू झालं ना?

"रॅप त्यांचं," डेसी म्हणाला. "पण सुरुवातीला त्यांचं यमक कसलं होतं? एका अक्षराचं. मी चार-चार अक्षरांचं केलं. इथे, टॅलात, माझ्या खोलीत."

इथे वाचकांसाठी थोडं थांबतो. न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागात पोरं पार्कात जमायची, विजेच्या खांबावरून वीज घेऊन रेकॉर्ड वाजवायची, गाण्यातला नुसता ढोलाचा तुकडा पुन्हा पुन्हा फिरवायची, आणि एक जण माइकवर त्या ठेक्यात बोलायचा. हे बोलणं म्हणजे रॅप. सुरुवातीची यमकं साधी: 'चहा–पाहा', 'आला–गेला'. ओळ संपली की टाळी. पुढे कोणीतरी यमकाला लांबी आणली. मराठीत सांगायचं तर ओळीच्या टोकाला 'गाडी चालवतो' आलं की पुढच्या ओळीत 'दाढी हालवतो' आणि तिसरीत 'कढी कालवतो'. म्हणजे नुसतं शेवटचं 'वतो' नव्हे, आधीचं सगळं जुळत येतं. 'कढी' नीट जुळत नाही, पण ठेका कानाला पटवून देतो. ऐंशीच्या दशकात हे रेकॉर्डवर येऊन जगभर गाजलं. पण पहिलं कोणी केलं यावर जाणकार अजून भांडतात, कारण पार्कात बोललेलं सगळं रेकॉर्ड झालं नाही. जे झालं ते कॅसेटांवर, हातोहात फिरत राहिलं.

डेसीचं म्हणणं, त्या भांडणाचा निकाल या बिस्किटांच्या डब्यात आहे. त्या काळी डब्लिनमध्ये गच्च्यांवरून आणि माळ्यांवरून बेकायदा रेडिओ केंद्रं चालायची. त्याच्या मित्राच्या अशाच एका केंद्रासाठी त्यानं ही टेप भरली होती. तारीख वर पेनानं लिहिली होती, आणि तिच्यावर चहा सांडला होता.

आता खरं तर मी "बरं, मंगळवारी या" म्हणायला हवं होतं. पण 'पहिलं आम्ही केलं' हे वाक्य ऐकून गप्प बसणं मराठी माणसाच्या रक्तात नाही.

"डेसी," मी म्हटलं, "असली यमकं आमच्याकडे कित्येक शतकांपूर्वी होती. आमच्या पंडित कवींनी अख्खी ओळच्या ओळ जुळवलेली आहे. आमच्या बायका लग्नात नवऱ्याचं नाव घेतात तेही यमकात."

"शतकं?" डेसी म्हणाला. "आमच्या आयरिश भाटांनी हजार वर्षांपूर्वी ओळीच्या पोटात यमकं घातलीत. राजे घाबरायचे त्यांना."

"संस्कृत धरलं तर आमची दोन हजार."

"लिहिलेली आहेत का कुठे?"

"तुमची आहेत?"

माझी मुलगी रेवा कोपऱ्यात गृहपाठ करत बसली होती. सोळा वर्षांची आहे. तिला मराठी सगळं कळतं, उत्तर मात्र टॅलाच्या इंग्रजीत येतं. मान वर न करता ती म्हणाली, "सो नायदर ऑफ यू वॉज इन द ब्राँक्स, लाइक?"

म्हणजे तुमच्यापैकी तिथे कोणीच नव्हतं. आम्ही दोघांनी घाईघाईनं चहा प्यायला.

डेसी गेल्यावर मी टेप लावली. आणि खरंच सांगतो, हातातला कप हातातच राहिला. पोरगेलासा डेसी, मागे पत्र्याच्या डब्यावर ठेका, आणि यमकं एकामागून एक चार-चार, पाच-पाच अक्षरांची, धावत्या बसच्या खिडक्यांमागून खिडक्या जाव्यात तशी. बसथांबा, पाऊस, पगाराआधीचा गुरुवार, सगळं त्यात. मधेच एक ओळ मात्र कशालाच जुळत नव्हती. ऐन रंगात डेसी छाती काढून म्हणतो, "हीटरवरून पाय काढ!" आणि पुढे जातो. मला ती फार खोल वाटली.

टेपमध्ये दोष एकच, आणि तो माझ्या हातखंड्यातला. प्रत्येक ओळीआधी पुसट, कुजबुजल्यासारखी तीच ओळ ऐकू येत होती. छापा! मी बाह्या सरसावल्या. तीन दिवस एकेक कुजबूज शोधून खुडत बसलो, तांदळातले खडे वेचावेत तसा. एके ठिकाणी 'च्च' असा आवाज होता, तोही काढला. एके ठिकाणी मांजराच्या शिंकेसारखं काहीतरी होतं, तेही गेलं. शेवटी डेसीचं रॅप संपून खट् वाजल्यावर काही सेकंद कसलासा गोंगाट होता, तो छाटला. दुसऱ्या बाजूला फुटबॉलच्या सामन्याचं समालोचन होतं. त्याला हात लावला नाही. आयर्लंड हरत होतं.

डेसी आला. मी त्याच्या कानांवर हेडफोन चढवला. ऐकता ऐकता त्याचा चेहरा उजळला, मग एकदम थबकला.

"मागची ती कुजबूज कुठे गेली?"

"काढून टाकली!" मी म्हटलं. "एक कण ठेवला नाही."

त्यानं हेडफोन काढून टेबलावर ठेवला. मग म्हणाला, "ग्रँड."

या 'ग्रँड'बद्दल सांगायला हवं. आयर्लंडात हा शब्द 'उत्तम'पासून 'घराला आग लागलीय पण तुम्ही चहा संपवा'पर्यंत कशालाही चालतो. मी त्यातला सगळ्यात सोयीचा अर्थ घेतला.

पंधरा दिवसांत गोष्ट फार पुढे गेली. डेसीनं साफ प्रत नीव्ह नावाच्या एका प्राध्यापक बाईंना पाठवली. त्या ॲथलोनला असतात आणि आयरिश रॅपवर पुस्तक लिहितायत. त्यांचा उलट निरोप आला: शनिवारी दुपारी टॅलाच्या सामाजिक सभागृहात टेप सगळ्यांना ऐकवू, डेसींचा सत्कार करू. शिवाय त्यांनी 'हीटरवरून पाय काढ' या ओळीवर अर्धं पान लिहून पाठवलं होतं: कामगार वस्तीतली थंडी, उबेवरचा हक्क, आणि पाय हे प्रवासाचं प्रतीक. डेसीनं मला वाचून दाखवलं. आम्ही दोघं गंभीर झालो.

त्याच आठवड्यात घरी दिवाळीच्या फराळाची तयारी चालली होती. वैशाली चकल्या पाडत होती आणि मी, नेहमीप्रमाणे मदत न करता, माझी कर्तबगारी ऐकवत होतो. आधी कच्ची प्रत, मग साफ प्रत.

कच्ची प्रत अर्धी झाली असेल, तिनं सोऱ्या खाली ठेवला.

"मिलिंद, ही बाई कोण आहे?"

"बाई नाहीये. छापा आहे तो. त्याचाच आवाज."

"त्याचाच आवाज 'च्च' करतो? आणि डेसी पुढे चुकीचा शब्द म्हणाला, तर त्याचाच आवाज आधी बरोबर कसा म्हणाला?"

मी म्हटलं, तसं होतं कधी कधी. तसं कधीच होत नाही. छापा म्हणजे सावली. माणूस डावा हात वर करत असताना त्याची सावली उजवा करत नाही. शिवाय छापा ठरलेल्या अंतरानं येतो. ही कुजबूज कधी एका सेकंदानं, कधी तीननं येत होती. तीन दिवस मी हे कानांनी ऐकलं होतं. पण कुजबुजीला बाईचा-पुरुषाचा असा आवाज नसतो, आणि माझ्या डोक्यात छापा बसला होता.

"अरे, हे उखाण्याचं आहे," वैशाली म्हणाली. "नवरीच्या मागे मावशी उभी राहून एकेक ओळ सांगते ना, तसं. पुन्हा लाव. हां, ही बघ हीटरची ओळ."

पुन्हा लावली. कुजबूज: "हीटरवरून पाय काढ." दोन सेकंद. मग डेसी, छाती काढून: "हीटरवरून पाय काढ!"

वैशाली हसता हसता पिठात बसली. कारण तिला दुसरंच काही आठवलं होतं, आणि ते मलाही आठवलं होतं. आमच्या लग्नात मला उखाणा घ्यायला लावला. मला एक ओळ येत नव्हती. मागे माझी सुमामावशी. ती कानात सांगेल ते मी मोठ्यानं म्हणत होतो. सगळ्या मांडवासमोर मी खणखणीत म्हणालो, "वाटीत बासुंदी, ताटात भात, पुढे सरक फोटोत येत नाहीस, वैशालीचा धरला हातात हात." पंचवीस वर्षं आमच्याकडे कोणाचाही फोटो काढताना हा उखाणा म्हटला जातो. म्हणजे पृथ्वीवर जर एका माणसानं ही कुजबूज ओळखायला हवी होती, तर तो मी. आणि मी तीन दिवस खपून ती पुसली होती.

शुक्रवारी डेसी जादा प्रती न्यायला दुकानात आला. मी दार लोटून घेतलं.

"डेसी, टेपवर एक बाई आहे."

त्यानं टोपी काढली. पुन्हा घातली. पुन्हा काढली.

"बर्नी," तो म्हणाला. "माझी मोठी बहीण."

मग हळूहळू सगळं बाहेर आलं. बर्नी बिस्किटांच्या कारखान्यात पट्ट्यावर पुडे भरायची. शब्द सगळे तिचे. आई रात्रपाळी करून आलेली, दुपारी शेजारच्या खोलीत झोपलेली, म्हणून बर्नी कुजबुजत सांगायची आणि तो माइकवर म्हणायचा. स्वतः माइकवर यायला ती तयार नव्हती. म्हणाली, तोंड तुझं चांगलं आहे, शब्द माझे घे. रेडिओवर ते लागलं. पोरं खांद्यावर थापा मारायला लागली. कोणीतरी विचारलं, तू लिहिलंस?

"मी 'हो' म्हणालो," डेसी म्हणाला. "एक 'हो' रे. एकच. मग तो परत घेता येईना."

"बर्नी काय म्हणाली?"

"काही नाही! हेच तर आहे. ओरडली असती तर बरं झालं असतं. चाळीस वर्षं दर नाताळात मी ही गोष्ट सांगतो आणि ती बटाटे वाढते."

"उद्या येणार आहे ती?"

"पहिल्या रांगेत. मीच खुर्ची सांगून ठेवलीय."

"मग उद्या उठून सांगून टाक."

"रोज रात्री ठरवतो. सकाळी जीभ उचलत नाही." तो टोपीच्या कडेशी चाळा करत राहिला. "खरं सांगू? तुझ्याकडे टेप आणली तेव्हा वाटलं होतं, हा ऐकेल. हा विचारेल, ही कोण. मग सांगावंच लागेल. आणि तू म्हणालास, 'काढून टाकली. एक कण ठेवला नाही.'"

धंद्यात मला बऱ्याच लोकांनी शिव्या दिल्या आहेत. त्यांतली एकही इतकी लागली नाही.

"उद्या कोणती प्रत लावू?" मी विचारलं.

त्यानं टोपी डोक्यावर बसवली. "साफ केलेली," म्हणाला. दारापर्यंत गेला, परत वळला. "दुसरी आहे अजून तुझ्याकडे?"

"कच्ची प्रत आम्ही पुसत नाही."

"ग्रँड," डेसी म्हणाला. या वेळी कुठला अर्थ घ्यायचा ते मला कळलं नाही.

शनिवारी सभागृहात चाळीसेक खुर्च्या भरल्या होत्या. चहा, बिस्किटं, मागे बस ड्रायव्हरांचा अख्खा कळप. पहिल्या रांगेत बर्नी: बुटकी, केस नुकतेच सेट केलेले, पर्स मांडीवर दोन्ही हातांनी धरलेली. देवळात बसतात तशी बसली होती. शेजारी रेवा आणि वैशाली. प्राध्यापक नीव्हबाईंनी प्रस्तावना केली, हीटरवरचं अर्धं पान वाचलं, लोकांनी माना डोलावल्या. मग त्यांनी माझ्याकडे हात केला. मी काँप्युटरवर बटण दाबलं.

सभागृहाचे स्पीकर मोठे होते. माझ्या दुकानात जी कुजबूज वाटायची ती इथे छताला लागली. पत्र्याच्या डब्याचा ठेका, मग बाईचा स्वच्छ कुजबुजता आवाज, मग डेसी. बाई, डेसी. बाई, डेसी. लोक एकमेकांकडे बघायला लागले. चूक झाली तिथे बाईनं "च्च" केलं. मागे कोणीतरी फिस्सकन हसलं. आणि मग स्पीकरमधून आलं, दबक्या पण खास बहिणीच्या वैतागानं: "हीटरवरून पाय काढ." दोन सेकंद. आणि डेसी, साऱ्या कामगार वस्तीच्या वतीनं: "हीटरवरून पाय काढ!"

पाठोपाठ ते मांजर शिंकलं. ते मांजर नव्हतं. ते बर्नीचं दाबलेलं हसू होतं, विशीतलं.

सभागृह कोसळलं. ड्रायव्हर लोक खुर्च्यांवरून घरंगळत होते. नीव्हबाईंनी हातातल्या अर्ध्या पानाची शांतपणे घडी केली आणि पर्समध्ये टाकली. बर्नी मात्र हलली नव्हती. ती समोर बघत होती आणि तिचे कान लालबुंद झाले होते.

डेसी उठला. टोपी काढली.

"ही बर्नी," तो म्हणाला. "माझी बहीण. शब्द सगळे तिचे. पहिल्यापासून. माझं फक्त तोंड होतं."

बर्नीनं पर्स उघडली, रुमाल काढला, नाक पुसलं, पर्स मिटली.

"तोंड," ती म्हणाली, "आणि पाय. हीटरवरचा पायही तुझाच होता. आईचे नायलॉनचे मोजे वाळत होते त्यावर, जळले ते. शिव्या मी खाल्ल्या."

आता जो हशा झाला त्यात डेसीसुद्धा होता, डोळे पुसत.

टेप चालूच होती, पण तिकडे आता कोणाचं लक्ष नव्हतं. नीव्हबाई बर्नीसमोर खुर्ची ओढून बसल्या. हे असं लांब यमक तुम्हाला सुचलं कसं?

"मला कसलं सुचतंय?" बर्नी म्हणाली. "आमची आत्येबहीण ब्राँक्सला होती. तिनं एक कॅसेट धाडली होती, तिथल्या पार्कातली. त्यात एक पोरगा असं बोलायचा. शंभर वेळा ऐकली. बिस्किटं पट्ट्यावरून चार-चार यायची, मी त्याच्यासारखी चार-चार अक्षरं बसवून बघायची. दिवस बरा जायचा. बस, एवढंच."

"ती कॅसेट कुठे आहे?" नीव्हबाईंचा आवाज बारीक झाला होता.

"ही काय, हीच," बर्नी म्हणाली. "नवी घ्यायला पैसे कोण देतंय? या गाढवानं तिच्यावरच स्वतःला भरलं. आणि दुसऱ्या बाजूला फुटबॉल."

आम्ही सगळे गाढवाकडे बघत असतानाच स्पीकरमध्ये खट् झालं. तरुण डेसीनं बटण बंद केल्याचा आवाज. आणि त्याच्यामागून, टेप संपायच्या आधीच्या उरलेल्या त्या हातभर फितीतून, मी 'कसलासा गोंगाट' म्हणून छाटलेला तो तुकडा उसळून वर आला. उघड्यावरची गर्दी. पोरांच्या शिट्ट्या. खोल, गोल फिरणारा ढोल. आणि एका अनोळखी पोराचा आवाज, घाई नाही, ओरडणं नाही, पायऱ्या उतरत यावं तशा चार ओळी. चार अक्षरांना चार अक्षरं. पाचवी ओळ सुरू झाली आणि फीत संपली.

कोणी टाळी वाजवली नाही. कोणी नाव विचारलं नाही, कारण सांगणारं कोणी नव्हतं. मी, दोन हजार वर्षांचा मराठी माणूस, आणि डेसी, हजार वर्षांचा आयरिश, दोघंही आपापल्या बुटांकडे बघत होतो.

"नाऊ," रेवा म्हणाली, "ही वॉज देअर."

नंतर चहा झाला. बर्नीभोवती गर्दी होती. तिला बटाटे वाढायला कोणी सांगितलं नाही. नीव्हबाईंनी पुस्तकातलं प्रकरण मागे घेतलं आणि नवं मागितलं, बर्नीकडे. त्या चार ओळी मी आता जगाच्या पाठीवर तीन ठिकाणी जपून ठेवल्या आहेत. त्यातल्या गोंगाटाला हातही लावलेला नाही. ब्राँक्समध्ये चौकशा चालू आहेत. अजून पत्ता नाही.

खुर्च्या आवरताना डेसी माझ्यापाशी आला.

"साफ केलेली लावणार होतास ना?"

"चुकलं रे," मी म्हटलं. "दोन फाइली होत्या. भलतीच दाबली. तुला माहितेय मी कसा आहे."

"माहितेय," तो म्हणाला. "मर्फींनी सांगितलंय." मग माझा हात त्यानं बसचं स्टिअरिंग धरतात तसा धरला, बराच वेळ. "ग्रँड," म्हणाला.

घरी येताना गाडी वैशाली चालवत होती. सिग्नलला थांबल्यावर तिनं विचारलं, "चुकून लागली?"

"चुकून."

"फाइलीच्या नावात मोठ्या अक्षरात 'बर्नीसह' लिहिलं होतंस. मी वाचलं मागून."

"डोळे गेलेत माझे."

सिग्नल सुटला, तिनं गाडी पुढे काढली. आता टॅलात ही गोष्ट सगळीकडे पसरली आहे: त्या टेपवाल्या इंडियन माणसानं कशी भलतीच टेप लावली. न्हावी सांगतो, चिप्सवाला सांगतो, गिऱ्हाइकं मला सांगतात, आणि विचारतात, खरंच चुकून का?

मर्फींचा घोळ माझा. वन्स मोअर माझा. छापाही माझा. त्यांच्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. या शेवटच्या चुकीबद्दल मात्र पहिल्यांदा कोणी विचारलं तेव्हा मी 'हो' म्हणून बसलो. आणि एकदा 'हो' म्हटलं की परत घेता येत नाही, हे मला एका बस ड्रायव्हरनं सांगितलेलं आहे.